सुया दारावर जमा करून भरतकाम कसे करायचे?
सांस्कृतिक भवनाच्या व्यवस्थापन समितीस खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सर्व सदस्य,
व्यवस्थापन समिती, सांस्कृतिक भवन, पुणे

स. न. वि. वि.

वर्गखोल्यांच्या वापराची सुधारित नियमावली भवनाच्या तळमजल्यावर फलकावर लागली आहे. पहिल्या मजल्यावर शनिवारी दुपारी बसणाऱ्या भरतकाम गटालाही ती फलकावरूनच कळली. पुण्यात पाटी लावणारा कोणाला विचारून लावत नाही, हे आम्हीही जाणतो. पण या नियमावलीतली काही कलमे अक्षरशः पाळली, तर खोलीचे आरक्षण चालू राहील आणि भरतकाम बंद पडेल. व्याख्यान, गाणे, योगवर्ग डोळ्यांपुढे ठेवून केलेले नियम हातकामाला जसेच्या तसे लावले आहेत, ही आमची मूळ तक्रार आहे. भवन लोकांचे आहे, म्हणून पत्रही सगळ्यांना वाचता येईल असे लिहीत आहोत.

आधी या खोलीत कोण येते ते सांगायला हवे, कारण नियमावलीत आमचा उल्लेख 'छंदवर्ग' असा आहे. छंद म्हणून येणाऱ्या आहेतच. पण फॉल-पिको आणि ब्लाऊज शिवून घर चालवणाऱ्या बायकाही येतात. लग्नसराईत साध्या ब्लाऊजच्या शिलाईपेक्षा बाहीवरच्या आरीकामाचे, म्हणजे आकडीच्या सुईने केलेल्या भरतकामाचे, पैसे वेगळे आणि बरे मिळतात, म्हणून त्या शिकतात. फॅशनचा अभ्यासक्रम करणाऱ्या मुली हाताचे टाके पक्के करायला येतात, निवृत्त माणसे येतात, त्यांत दोघे-तिघे पुरुषही असतात. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झाले. तेव्हापासून बायकांच्या हाताला कौशल्य द्यायचे तर शिवणाच्या वर्गाला जागा द्यावी लागते, हे या शहराला माहीत आहे.

आता कलमे.

सगळ्यात जास्त नुकसान करणारे कलम वेळेचे आहे. तीन तासांची वेळ प्रत्येक गटासाठी दीड तास केली आहे. कागदावर हे न्याय्य दिसते. प्रत्यक्षात पहिला टाका पडण्याआधी काय काय करावे लागते ते पाहा. कापड आटवून, खळ काढून, इस्त्री करून आणलेले असले, तरी कापलेल्या कडा टाचून घ्याव्या लागतात, नाहीतर काम संपेपर्यंत कडेचे दोरे सुटून कापड अर्धा इंच लहान होते. मग नमुना उतरवायचा. कापडाखाली कडक पुठ्ठा, वर कार्बन, त्यावर ट्रेसिंगचा कागद, चारही बाजूंनी टाचण्या, आणि रिकाम्या रिफिलने एका दाबाने रेघ. कार्बन सरकला की रेघ दुहेरी उमटते, आणि फिकट कापडावर गडद कार्बन वापरला तर ती शेवटपर्यंत टाक्यांच्या कडेने डोकावत राहते. गरम इस्त्रीने पुसली जाणारी पेने हल्ली सर्रास मिळतात. त्यांची रेघ थंडीत परत उमटू शकते, म्हणून नव्या मुलींना ती आम्ही वापरू देत नाही. या सगळ्यात वीस मिनिटे सहज जातात.

त्यानंतर रिंग, म्हणजे कापड ताणून धरणारी एकात एक बसणारी दोन कडी. आतल्या कड्याला सुती पट्टी गुंडाळलेली हवी, म्हणजे कापड घसरत नाही. कापड ढोलकीच्या पुडीसारखे ताणायचे, पण उभ्या-आडव्या धाग्याच्या दिशेनेच. कोपऱ्यातून तिरके ओढले की वीण वाकते, आणि रिंग काढल्यावर गोल फूल लांबट झालेले दिसते. मग दोरा. सहापदरी लडीतून हातभर, म्हणजे अठरा इंच, तुकडा कापायचा. लांब दोरा घेतला की वारंवार ओवणे वाचेल असे प्रत्येकीला वाटते. पण तोच दोरा कापडातून जास्त वेळा घासला जातो, त्याला पीस येते, चमक जाते आणि शेवटी गाठ बसते. पदर एकेक करून वेगळे ओढायचे, मग हवे तेवढे एकत्र करून ओवायचे. नवशिक्यांच्या वर्गात इथवर पोहोचायला पाऊण तास लागतो. शेवटी आवरायला, सुया मोजायला, टेबले जागेवर ठेवायला पंधरा-वीस मिनिटे. दीड तासातून ही वजाबाकी केली की टाका शिकायला पंचवीस-तीस मिनिटे उरतात. तेवढ्यात साखळी टाका दाखवून होतो. तो हातात बसत नाही.

कसुतीच्या, म्हणजे कर्नाटकी कशिद्याच्या, कार्यशाळेत तर हे गणित पूर्णच कोलमडते. त्यातला गवंती टाका घ्या. कापडाचे धागे मोजत एक घर भरायचे, एक सोडायचे, असे रेषेच्या टोकापर्यंत जायचे आणि परतताना सोडलेली घरे भरायची. गाठ कुठेही मारायची नाही, उलट-सुलट दोन्ही बाजू सारख्या दिसल्या पाहिजेत. जाताना चारऐवजी तीन धागे उचलले गेले, तर ती चूक तिथे कळतच नाही. ती कळते परतताना, टाके एकमेकांना भेटेनासे होतात तेव्हा. मग त्या घरापर्यंत उसवत जायचे, तेही सुईच्या टोकाने नाही. नेढ्याच्या बाजूने टाका उचलायचा, नाहीतर दोऱ्याचे तंतू फाटतात आणि कापडही ओरबाडले जाते. नमुना तुळशीवृंदावनाचा असेल तर मुख्य रेषेला बाजूच्या फांद्या फुटतात, आणि प्रत्येक फांदी जाऊन-येऊन पुरी करूनच पुढे सरकावे लागते. अशा वेळी 'तुमची वेळ संपली' म्हणून दार वाजले आणि काम घडी करून पिशवीत गेले, तर पुढच्या शनिवारी कोणती फांदी परतीची राहिली आहे हे करणारीलाही सांगता येत नाही. मग बहुतेक जणी उसवतात. काही जणी येणेच सोडतात.

आरीकामाचे तर विचारूच नका. त्याचे कापड लाकडी चौकटीवर चारी बाजूंनी दोरीने आवळून बांधायलाच अर्धा तास जातो, आणि ताण सैल राहिला तर आकडीची सुई कापडात अडकून धागा ओढून काढते.

दुसरे कलम 'धारदार व टोकदार वस्तूंस मनाई'चे. त्यात सुई आणि कात्री यांचा नावानिशी उल्लेख आहे, आणि त्या दारावरच्या रखवालदाराकडे जमा करून पावती घ्यावी असे म्हटले आहे. हे वाचून आधी हसू आले. रखवालदारकाकांनाही आले. सुया बाहेर ठेवून भरतकाम करण्याची पद्धत आमच्या माहितीत नाही. याच भवनात लग्नमुंजीच्या वेळी आचारी विळ्या-सुऱ्या घेऊन येतात आणि मांडववाले भिंतीत खिळे ठोकतात, त्यांना कोणी पावती देत नाही.

या नियमामागची काळजी मात्र खरी आहे. संध्याकाळी त्याच खोलीत लहान मुलांचा नृत्यवर्ग असतो, आणि जमिनीवर राहिलेली सुई अनवाणी पायात जाऊ शकते. म्हणूनच आमच्याकडे ठरलेली पद्धत आहे. सुया प्रत्येकीला मोजून दिल्या जातात आणि मोजून परत घेतल्या जातात. सुई काम चालू नसताना कापडात किंवा पिनकुशनमध्येच टोचलेली असते, तोंडात किंवा साडीच्या पदराला कधीच नाही. मोडलेल्या सुईचे दोन्ही तुकडे सापडल्याशिवाय कोणी जागचे उठत नाही, आणि ते झाकणाच्या डबीत जातात. शेवटी काठीला बांधलेले मोठे चुंबक सगळ्या जमिनीवरून फिरते. कात्र्या चार इंची, टोकाला टोपण असलेल्या. कसुती आणि उलटसुलट फुली टाक्याला आम्ही २४ आणि २६ क्रमांकाच्या टॅपेस्ट्री सुया देतो, त्यांचे टोक मुळातच बोथट असते. फुलापानांच्या भरतकामाला सात ते नऊ क्रमांकाच्या अणकुचीदार सुया लागतात, आणि त्यांना पर्याय नाही. (आकडा वाढतो तशी सुई बारीक होते. खरेदी समितीने कधी घेतल्याच तर लक्षात असू द्यावे.)

आता याच नियमावलीतले पुढचे कलम वाचा. वर्गखोलीतली टेबले काढून सतरंज्या अंथरणार आहेत. फरशीवर सुई पडली तर आवाज होतो, चकाकते, चुंबकाला लगेच लागते. सतरंजीत पडलेली सुई विणीत आडवी घुसते आणि झटकूनही निघत नाही. सुईची भीती म्हणून एक कलम आणि सुई लपायला जागा म्हणून दुसरे, असे हे झाले आहे. शिवाय मांडी घालून, मान वाकवून तीन तास काम केले की खांदे आणि पाठ धरतात. टेबलाच्या कडेला रिंग टेकवता आली तर दोन्ही हात मोकळे राहतात, एक वर आणि एक खाली. भरीव टाका सारखा बसायला हेच लागते. सतरंजी आम्हाला नकोच असे नाही. गोधडीच्या कार्यशाळेला जमीनच हवी, कारण जुन्या साड्यांचे थर पूर्ण पसरून मोठ्या टाक्यांनी टाचून घेतल्याशिवाय धावदोरा घातला, तर खालचा थर गोळा होतो आणि चुण्या उलट्या बाजूला दिसतात. पण गोधडी वर्षातून एकदा असते.

दिव्यांचा मुद्दा नियमावलीत नाही, तो नूतनीकरणातून आला आहे. छतातल्या पांढऱ्या ट्यूब काढून गोल पिवळे दिवे बसवले आहेत. खोली छान दिसते. पण त्या उजेडात अँकर कंपनीचा ४०३ क्रमांकाचा काळा दोरा आणि गडद निळा शेजारी ठेवले तर वेगळे सांगता येत नाहीत. पांढरा, मोतिया आणि फिका बदामी हे तिन्ही एकच वाटतात. पाकळीला हलक्याकडून गडदाकडे छटा भरायच्या तर चार रंग लागतात, त्यातले मधले दोन या दिव्याखाली एक होतात. चूक दुसऱ्या दिवशी घरी खिडकीत बसल्यावर दिसते. सुती कापडावरून एकदा उसवलेले धुतल्यावर बरेचसे मिटते. खण, रेशीम किंवा सॅटिनवर मात्र सुईचे भोक राहते ते राहतेच.

दिवा कुठून येतो यालाही महत्त्व आहे. उजव्या हाताने काम करणारीला उजेड डावीकडून हवा, डावखुरीला उजवीकडून, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही. बरोबर डोक्यावर असलेला दिवा वाकलेल्या डोक्याची सावली थेट रिंगमध्ये टाकतो. गडद कापडावर मोजकाम करताना मांडीवर पांढरा रुमाल ठेवायचा, म्हणजे विणीतली भोके दिसतात, ही युक्ती आम्ही शिकवतो. पिवळ्या उजेडात तीही चालत नाही. उपाय मोठा खर्चिक नाही. बाजारात सहज मिळणाऱ्या चार फुटी, वीस वॅटच्या, ६५०० केल्विनच्या एलईडी पट्ट्या दोन्ही लांब भिंतींवर लावाव्यात आणि त्यांचे बटण वेगळे ठेवावे. मैफलीला पिवळे दिवे राहू द्या, आमची हरकत नाही.

कपाट महिनाअखेरीपर्यंत रिकामे करून साहित्य रंगमंचाखालच्या कोठारात हलवा, असा आदेश आहे. त्या कोठाराच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, हे भवनातल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला माहीत आहे. ओलीत सुया गंजतात. रिंगचा स्क्रू गंजला की त्याचा तांबडा डाग कापडावर उतरतो आणि साबणाने जात नाही. जरीचा धागा काळा पडतो. पांढऱ्या कापडावर बुरशीचे पिवळट ठिपके येतात. नव्या कापडातल्या खळीवर कसर येते आणि ती कापडही कुरतडते. पहिल्या मजल्यावर, भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवलेले लोखंडी कपाट आणि आत डांबरगोळ्या, एवढ्यावर आजवर साहित्य टिकले. बोहरी आळीतून घाऊक आणलेली तीन-चार पावसाळ्यांची पुंजी एका जुलैमध्ये घालवायची आमची तयारी नाही.

राहिला पैशांचा मुद्दा. 'सहभागींकडून रक्कम घेणारा उपक्रम व्यावसायिक समजला जाईल' असे म्हणून आम्हाला दुसऱ्या दरात टाकले आहे. आम्ही घेतो ती साहित्याची वर्गणी. तिचा हिशोब असा. छत्तीस इंच पन्ह्याच्या एक मीटर कापडातून बारा इंची नऊ चौकोन निघतात. आटल्यावर साडेअकरा इंच राहतात, सहा इंची रिंगला ते पुरतात. अँकरची लडी आठ मीटरची. अठरा इंची तुकडे केले तर सतरा होतात, आणि प्रत्येकाचे दोनपदरी तीन, म्हणजे पन्नासेक दोरे. नवशिक्या नमुन्यातल्या पानांना पंधरा दोरे पुष्कळ होतात, म्हणून एक हिरवी लडी तिघींत जाते. एकटीने खरेदी केली तर मीटरभर कापड आणि सहा पूर्ण लड्या घ्याव्या लागतात, आणि बरेचसे साहित्य पडून राहते. पैसे गोळा करतो ते एवढ्यासाठी. शिकवणाऱ्या मानधन घेत नाहीत. जमाखर्चाची वही कपाटात आहे, समितीने केव्हाही पाहावी.

प्रदर्शनाच्या भिंतीवर टाचणी किंवा चिकटपट्टी नको, हे कलम आम्हाला मान्य आहे. आम्ही छताखालच्या हुकांना सुतळी बांधून चिमट्यांनी कापडे लावतो. फक्त पश्चिमेच्या खिडकीचा पडदा पुन्हा लावावा. तिथे थेट ऊन येते आणि लाल-गुलाबी रंग उडतात. राजा दिनकर केळकर संग्रहालयातली जुनी वस्त्रे बाहेरगावच्या पाहुण्यांना आपण अभिमानाने दाखवतो. ती कोणीतरी बसून, चांगल्या उजेडात केलेली आहेत, आणि उन्हापासून जपलेली आहेत.

आमच्या मागण्या अशा:

शनिवारची वेळ पूर्वीप्रमाणे सलग तीन तास ठेवावी. सगळ्या शनिवारी शक्य नसेल तर महिन्यातले दोन शनिवार तीन तासांचे द्यावेत. एकेक दीड तासाचे चार तुकडे आम्हाला नकोत.

'टोकदार वस्तू' कलमातून हातकामाच्या सुया आणि टोपण असलेल्या चार इंची कात्र्या वगळाव्यात. वर दिलेली मोजणीची आणि चुंबकाची पद्धत नियम म्हणून लिहून घ्यावी. ती मोडली तर आमचे आरक्षण रद्द करावे.

किमान सहा टेबले आणि खुर्च्या खोलीत ठेवाव्यात. सतरंज्या गोधडीच्या कार्यशाळेपुरत्या मागून घेऊ.

भिंतीवरच्या पांढऱ्या पट्ट्या वेगळ्या बटणासह लावाव्यात. समितीकडे तरतूद नसेल तर खर्चाचा अर्धा वाटा वर्गणीतून उचलू. वायरिंग मात्र भवनाच्या वीजतंत्रज्ञाकडूनच व्हावे.

कपाट आहे तिथेच राहावे.

साहित्य-वर्गणी आणि प्रशिक्षण-शुल्क यांत नियमावलीने फरक करावा.

याशिवाय एक विनंती. नियम अंतिम करण्याआधी समितीतल्या दोघांनी एखाद्या शनिवारी येऊन टेबलाशी बसावे. पिवळ्या दिव्याखाली काळा आणि निळा दोरा वेगळे करून दाखवायला आम्ही सांगू. त्यात परीक्षा घेण्याचा हेतू नाही. दिव्यांबद्दल लिहिलेले परिच्छेद वाचण्यापेक्षा ते लवकर उरकते.

या पत्राचे उत्तर लेखी द्यावे आणि महिनाअखेरीच्या आत द्यावे. कपाट रिकामे करण्याची मुदतही तीच आहे.

कळावे,

आपल्या,
शनिवारच्या भरतकाम गटातील
शिकवणाऱ्या व शिकणाऱ्या सर्व सदस्या आणि सदस्य